वाटसरूंचे वाडगे

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
एक खोली आहे. पूर्वी तिथे दोर सुकत,
आता एक सर्व्हर बसतो, पंख्यात खारट धूळ घेऊन.
त्याला दोन तारा.
एक येते खाडीतल्या साल्मनच्या पिंजऱ्यांकडून,
कॅमेऱ्यांनी पाण्याखाली पाहिलेलं सगळं घेऊन;
दुसरी जाते तोर्शाव्हनला.
मधे फायरवॉल. तो विचारतो, कुठून, कुठे, कशाला,
आणि बहुतेकांना जाऊ देतो.

पहाटे पावणेतीनला सगळेच पिंजरे एकदम आंधळे झाले.

रान्वा पोचली तेव्हा बाहेर वारा
कंटेनरच्या पत्र्याला दातांनी ओढत होता.
तिनं एकच हातमोजा काढला,
उघड्या बोटांनी कर्नलला विचारलं: काय झालं?
तो भावना न आणता आकडे सांगतो, नेहमीसारखाच.
वाडगे: बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
भरलेले: बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
नाकारलेल्या विनंत्या: चार हजार एकशे सतरा.
ती वाचते आहे तोवर पाच हजार.

वाडगा म्हणजे मेमरीचा लहानसा तुकडा,
दोन हजार अठ्ठेचाळीस बाइटांचा.
आलेलं पॅकेट त्यात उतरतं,
पलीकडच्या तारेत ओतलं जातं,
आणि वाडगा परत फडताळात.
उंबऱ्यावरच पाणी पिऊन निघणारे हे लोक.
चप्पलसुद्धा काढत नाहीत.

मग कोण बसलंय वाडगे अडवून?

नोंदी पाठवणारे चौसष्ट प्रोग्रॅम. याच यंत्रावरचे. घरचेच.
पलीकडे नोंदी घेणाऱ्या यंत्राची वीज वादळात गेली होती,
आणि हे भरले वाडगे मांडीवर घेऊन
कोणी घेईल म्हणून वाट बघत होते,
प्रत्येकाच्या मांडीवर पाचशे बारा.
चौसष्ट गुणिले पाचशे बारा.
तिनं गुणाकार दोनदा केला,
दुसऱ्यांदा मुद्दाम, चुकेल या आशेनं.

कारण मंगळवारी, चहा निवता निवता,
सॉकेटचे बफर तिनंच सोळापट केले होते.
मोठं ते बरं, एवढ्याच हिशेबानं.

फाइलीत, त्याच ओळीच्या वर, अकरा वर्षांपूर्वीची टीप:
‘सॉकेट वाढवू नका. हे यंत्र ऐकणारं नाही,
पुढे सांगणारं आहे. हानुस.’
मंगळवारीही ती टीप तिथेच होती.

साडेतीनला तिनं हानुसला फोन लावला.
तो जागाच होता; वाऱ्यात मेंढ्या मोजून
नुकताच आत आला होता, एक कमी भरत होती.
‘सॉकेट मागे घे,’ तो म्हणाला.
‘घेतले.’
‘वाडगे दुप्पट कर. मेमरी आता स्वस्त आहे, माझ्या वेळी नव्हती.’
‘केले. आणि बाहेरची रांग? तीही लांबवते,
म्हणजे एकही पॅकेट पडायला नको.’
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
‘पडू दे काही. रांग लांब केलीस
तर हरवणार काहीच नाही,
सगळं फक्त उशिरा येईल.
जाळं फाटलेलं मिनिटाभरानं कळलं
तर ते कळणं कुणासाठी?’
मग म्हणाला, थांब, दारात काहीतरी आहे,
आणि फोन तसाच ठेवून गेला.

तिनं रांगेला हात लावला नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी
सात नंबरच्या पिंजऱ्याला दिसू लागलं:
हिरवं पाणी, आणि त्यात सगळे मासे एकाच दिशेनं
गोल, गोल, जसं काही झालंच नव्हतं.
नाकारलेल्यांचा आकडा थांबला होता.
पण तो शून्य होत नाही;
यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत कर्नल तो पुसत नाही,
आणि तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं नाही.

फोनमध्ये अजून वारा, आणि कुठेतरी खोल एक बेंs.

हानुसच्या टीपेखाली तिनं तारीख घातली.
कारण लिहायला घेतलं, तीन वाक्यं झाली, खोडली.
मग लिहिलं:
‘वाढवले होते. मीच. रान्वा.’
दुसरा हातमोजा तिनं
तेव्हा कुठे काढला.